मदत हवी आहे: सोलर प्लांटचं मॉडेल लहान कसं करू? (अर्जंट)

साक्रीकर:
साक्री तालुक्यातल्या ५० मेगावॅट प्लांटचा स्टडी चाललाय. सगळे इन्व्हर्टर, सगळ्या केबल टाकल्यात. सिम्युलेशन रांगतंय, मध्येच बंद पडतंय. सगळ्यांचा मिळून एकच इन्व्हर्टर दाखवला तर चालेल ना? रिपोर्ट परवा द्यायचाय.

पांझराकाठ:
कसला स्टडी? लोड फ्लो, शॉर्ट सर्किट, डायनॅमिक? सॉफ्टवेअर कोणतं? जोडणी किती केव्हीला? का आम्ही पंचांग बघून सांगायचं?

साक्रीकर:
डायनॅमिकच हो, एलव्हीआरटीचा (फॉल्टने व्होल्टेज पडलं तरी प्लांट जोडलेला राहतो का, ते). सॉफ्टवेअर पीएसएसई. ३३ वर गोळा करून १३२ ला. आता सांगा ना भो.

रिटायर्ड_टेस्टिंग:
एकच चालतो, सगळीकडे तेच करतात. मेन ट्रान्सफॉर्मर आणि १३२ ची लाइन जशीच्या तशी ठेव. इन्व्हर्टरच्या एमव्हीएची (क्षमतेची) बेरीज कर. इन्व्हर्टरजवळच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा पर्सेंट इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) तोच, बेस मात्र बेरजेचा. केबलला: दर तुकड्याचा इम्पीडन्स गुणिले त्यातून किती इन्व्हर्टरची वीज जाते त्या संख्येचा वर्ग, या सगळ्याची बेरीज, भागिले एकूण इन्व्हर्टरच्या संख्येचा वर्ग. केबलच्या चार्जिंगची (कपॅसिटन्सची) नुसती बेरीज. फुल जनरेशनला लॉस मूळ मॉडेलशी जुळला की झालं. पुढे डब्ल्यूईसीसीची (पश्चिम अमेरिकेतली ग्रिड संस्था) जेनेरिक, म्हणजे कुठल्याही कंपनीला चालणारी, मॉडेलं लाव.

पीएसकॅडवाला:
"की झालं" कसं? एससीआर, म्हणजे जोडणीच्या जागी ग्रिडची ताकद (फॉल्ट लेव्हल) प्लांटच्या किती पट? ३ च्या खाली असेल तर जेनेरिक मॉडेल छान रेषा काढेल आणि खरा प्लांट झुलत बसेल. इन्व्हर्टर कंपनीकडून ईएमटी मॉडेल (क्षणाक्षणाची लाट दाखवणारं) मागवा.

रिटायर्ड_टेस्टिंग:
आली का गाडी पीएसकॅडवर, त्या ईएमटीच्या सॉफ्टवेअरवर! धुळ्याला ४०० चं सबस्टेशन आहे, आपल्याकडे कसली वीक ग्रिड?

पीएसकॅडवाला:
दादा, ४०० धुळ्यात, याची बस (जोडणीचा बिंदू) कुठे? त्यात साक्रीतच शिवाजीनगरचे १२५ मेगावॅट, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. फॉल्ट लेव्हल सगळे वाटून खातात. एकट्या ५० ला भागून आलेला एससीआर फुगलेलाच दिसणार.

केळीवाला_रावेर:
माझं गच्चीवर ३ किलोवॅटचं आहे. दुपारी इन्व्हर्टर व्होल्टेज जास्त दाखवून बंद पडतो. यामुळेच का?

पांझराकाठ:
नाही. तुमच्या डीपीचा टॅप आणि सर्व्हिस वायरची जाडी बघायला सांगा. वेगळा धागा काढा, इथे राडा नको.

रिटायर्ड_टेस्टिंग:
बरं, वाटून खातात हे मान्य. पण आधी आरएमएस, म्हणजे पीएसएसईतलं साधं मॉडेल, गरज पडली तर ईएमटी. परवा रिपोर्ट आहे पोराचा.

साक्रीकर:
एससीआर ५ च्या वर आहे, शेजारचे धरून. आणि अर्धे इन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचे आहेत. त्याने काही फरक पडतो का?

पांझराकाठ:
पडतो का म्हणे! हे आत्ता सांगतोस? सीईएच्या (केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या) नियमात व्होल्टेज १५ टक्क्यांवर आलं तरी ३०० मिलिसेकंद टिकायचं. त्या वेळात एक कंपनी व्होल्टेज सावरायला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ढकलते, दुसरी नुसती धरून बसते. दोघांची सरासरी काढून उपयोग नाही. दोन गट कर, प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्मर, वेगळं आरईईसी (इन्व्हर्टरच्या कंट्रोलचं मॉडेल).

साक्रीकर:
आणि पीपीसी (पूर्ण प्लांटचा कंट्रोलर)? तो तर एकच आहे.

पीएसकॅडवाला:
पीपीसीचं आरईपीसी_ए मॉडेल एकाच मशीनला चालतं. दोघांना मिळून आरईपीसी_बी लाव. पीपीसी सावकाश चालतो, त्या ३०० मिलिसेकंदात तो काही करत नाही; खरी गंमत व्होल्टेज परत येताना. तो प्लॉट इथे टाक, मग बोलू.