विषय: उत्तर: चर्चला माफी, आपल्याला फॉर्म?

प्रेषक: ताई (खजिनदार), न्यू जर्सी

मंडळी, आपल्या मंडळाचं यंदाचं 990-एन (छोट्या करमुक्त संस्थांनी अमेरिकेच्या कर खात्याला द्यायचं वार्षिक ‘ई-पोस्टकार्ड’) भरून टाकलं. आपली जमा 50,000 डॉलरच्या आत, म्हणून पोस्टकार्डावर भागतं. पण सलग 3 वर्षं चुकलं की करमाफी आपोआप रद्द! गणपतीला आपण ज्या चर्चचा हॉल किरायानं घेतो, त्यांना मात्र ना करमाफीसाठी सुरुवातीचा अर्ज, ना दरवर्षीचं विवरण. जागेवर प्रॉपर्टी टॅक्सही नाही. माझं मत विचाराल तर बंद करा ही माफी.

प्रेषक: दादा, ह्यूस्टन

ताई, जरा दमानं. कायद्यातल्या ‘चर्च’मध्ये मंदिर, मशीद, गुरुद्वारा सगळं आलं. रविवारी जिथं महाप्रसाद हाणतो तेही. 1970 च्या वॉल्झ खटल्यात (धर्मस्थळांच्या प्रॉपर्टी टॅक्स माफीचा) अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं हेच पाहिलं: कर लावला की मूल्यांकन आलं, थकबाकी आली, जप्ती आली, म्हणजे सरकार धर्मसंस्थेत आणखी गुंतणार. उद्या गाभाऱ्याला सील ठोकलेलं चालेल?

प्रेषक: अण्णा, अंबाजोगाई

दोघांचं वाचलं. इकडं परतल्यापासून ट्रस्टांची ऑडिटं करतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

माफीला माझी ना नाही. माफीसोबत हिशोबही माफ होतो, घोळ तिथं आहे. निजामाच्या काळात आपल्याकडं देवळांना, दर्ग्यांना इनाम जमिनी मिळाल्या, त्यातली खिदमतमाश ऐकली असेल. जमीन कसा आणि त्यातून दिवाबत्ती, पूजा, उरूस करा. उत्पन्नाचं काय केलं, हे पुढं कोण विचारतंय? आता कैक गावांत देवापुढं तेलाची वानवा आणि देवाच्या जमिनीवर प्लॉटिंग.

कागदावर आपला कायदा तिकडच्यापेक्षा कडक आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं देऊळ असो की चर्च, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आणि दरसाल हिशोब. (वक्फचं वेगळं.) प्रत्यक्षात माझ्या टेबलावर येतं ते असं: शेड्यूल वनच्या उताऱ्यावरचे (ट्रस्टच्या सरकारी नोंदीतले) निम्मे विश्वस्त वारलेले, चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) पेंडिंग, आणि पावतीपुस्तक पुजाऱ्याच्या कोनाड्यात, तेलानं पानं चिकटलेली.

आयकरातही धार्मिक आणि धर्मादाय यांत फरक आहे. तिकडं चर्चला चेक दिला तरी देणगीदाराला वजावट मिळू शकते. इथं निव्वळ धार्मिक ट्रस्टला सहसा 80जी, म्हणजे ती वजावट, नाही, ते शाळा-दवाखान्यांना. उलट दानपेटीत कोणी काय टाकलं हे विचारत नाहीत, पण वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टकडं निनावी देणग्या मर्यादेपलीकडं गेल्या की वरच्या रकमेवर 30 टक्के! लेकरांना जेवू घालणाऱ्यानं नावं लिहित बसायचं.

जीएसटीचा हिशोब मला त्यातल्या त्यात पटतो. देवस्थानच्या आवारातली खोली दिवसाला 1000 रुपयांच्या आत असेल तर कर नाही, दुकानगाळा महिन्याला 10,000 च्या आत असेल तर नाही. वर गेलात की भरा. पूजेला हात नाही, धंदा मोजला.

तेव्हा दादा, जप्ती नको, कर नको. पण ताईचं पोस्टकार्ड चर्चनं भरावं आणि तुझ्या महाप्रसादवाल्या मंदिरानंही.

प्रेषक: दादा, ह्यूस्टन

पोस्टकार्डाला हरकत नाही. मंदिराच्या कमिटीत तुम्हीच येऊन सांगा, मला घराबाहेर काढतील.

प्रेषक: ताई (खजिनदार), न्यू जर्सी

अण्णा, मान्य. आता कामाचं बोला. केजकडच्या ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या वसतिगृहासाठी दिवाळीत पेटी फिरवायची आहे. चालेल?

प्रेषक: अण्णा, अंबाजोगाई

पेटी नको, नावानिशी घ्या. नाहीतर वर सांगितलेले 30 टक्के त्यांच्या बोकांडी बसतील. दुसरं, अमेरिकन पासपोर्टवाल्यांचे पैसे, ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी, परदेशी देणगीत धरतात. त्याला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. या ट्रस्टकडं दोन्ही नाही. तेव्हा यंदा फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवा. बाकीच्यांची नावं लिहून ठेवा, नोंदणीचा अर्ज करायला त्यांना सांगतो.