मदत हवी आहे : 'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' कुठून आला?

सातवी-आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. एकाने वहीत 'ही गोड टू द मार्केट' लिहिलं, मी लाल शाईने 'वेन्ट' केलं. तर म्हणतो, "टीचर, प्लेचं प्लेड होतं, मग गोचं का नाही?" 'पाठ कर' म्हणून वेळ मारून नेणं मला पटत नाही.

मला सापडलं ते असं : 'वेन्ट' मुळात 'वेंड' (वळणे, वाट धरणे) या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेन्ट. जुन्या इंग्रजीत जाण्याला 'गान' म्हणत आणि त्याचा भूतकाळ होता 'एओदे'. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या जागी 'वेन्ट' रुळला. वेंडला मग नवा 'वेंडेड' करून घ्यावा लागला!

पण एओदे का गेलं? आणि मुलांच्या गळी उतरेल असं मराठीतलं उदाहरण आहे का?

प्रतिसाद १ :
उदाहरण दिवसभर तोंडात असतं की! जातो, जाईल, पण भूतकाळात एकदम 'गेला'. 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून (याति), 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. हिंदीतही जाता आणि गया. 'जाला' म्हणायची सोयही नाही, जुन्या मराठीत त्याचा अर्थ 'झाला'. संस्कृतात 'दृश्'चं तेच : पश्यति, पण दृष्ट.

प्रतिसाद २ :
एओदेबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. तेही 'गान'चं सख्खं रूप नव्हतंच, मूळ वेगळं. म्हणजे गोचा भूतकाळ तेव्हाही उसनाच होता. पुढे ते झिजून 'येद', 'योद' असं काहीतरी उरलं, कानाला गोशी काडीचं नातं न सांगणारं. त्यापुढे सेंट-बेंटच्या चालीवरचा 'वेन्ट' ओळखीचा वाटला असणार, असा माझा अंदाज. तुमच्या विद्यार्थ्याला मात्र शाबासकी द्या. स्कॉट लोकांनी नियमाप्रमाणे 'गेड' केलंच आहे.
जाता जाता : वेंड हे 'वाइंड'चं (वळणे) प्रयोजक रूप. आपलं मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तसं.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार! जातो-गेला फळ्यावर लिहिते. आता लगे हाथ 'बी, ॲम, वॉज'चंही सांगून टाका, पुढचा प्रश्न तोच येणार.

प्रतिसाद १ :
तिथे तर तीन घरची माणसं एकत्र नांदतात. 'बी' म्हणजे आपल्या 'भू'चा (भवति) भाऊबंद, 'ॲम' आणि 'इज' हे 'अस्'चे (अस्मि, अस्ति), आणि 'वॉज' 'वस्'चा, म्हणजे वसती, वस्तीतला. मराठीत 'असतो' अस् वरून आणि 'होता' भू वरून. सातवीला एवढं नको, पण आठवीला संस्कृत असेल तर बिनधास्त सांगा.