तिसरा स्टंप कुणामुळे आला?

दांडीगुल: काल इथे एक पोस्ट वाचली. "सुरुवातीचे इंग्लिश बोलर म्हणजे सरदारांचे माळी, चेंडू घरंगळवायचे. खेळ घडवला बॅट्समननी." रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

एडवर्ड स्टीव्हन्स ऊर्फ 'लंपी' माळी होता, मान्य. सरेमधल्या वॉल्टनला, टँकरव्हिलच्या अर्लकडे. पण २२ मे १७७५ चं काय? लंडनचं आर्टिलरी ग्राउंड, केंट विरुद्ध हॅम्बल्डन (त्या काळचा नामांकित इंग्लिश क्लब), पाच-पाच जणांची सिंगल विकेट मॅच, म्हणजे एका वेळी एकच बॅट्समन. लंपी त्या दिवशी केंटकडून. हॅम्बल्डनचा शेवटचा गडी जॉन स्मॉल, जिंकायला १४ हव्यात. तेव्हा स्टंप दोनच, वर एक बेल, म्हणजे आडवी काडी. लंपीने स्मॉलला तीनदा चकवलं आणि तिन्ही वेळा चेंडू दोन स्टंपांच्या मधून आरपार. बेल हललीसुद्धा नाही! स्मॉलने १४ काढल्या, मॅच गेली. पण हे काही बरोबर नाही असं बघणाऱ्यांना वाटलं आणि मधला स्टंप आला. ज्याच्यामुळे स्टंप वाढला तो घरंगळवणारा? बोलिंग हात खाली ठेवूनच होती, पण टप्पा टाकून. टप्पा पडायला लागला म्हणून तर हॉकीस्टिकसारखी वाकडी बॅट जाऊन सरळ बॅट आली.

कव्हरड्राइव्ह_काका: पोस्ट माझी आहे, नाव घ्यायला लाजू नका. तीनदा चकलेला माणूस त्याच बोलिंगवर १४ काढून मॅच जिंकतो, आणि हिरो बोलर? पीटर्सफील्डचा स्मॉल स्वतः बॅटी बनवायचा, सरळ बॅटने खेळायचं त्याने रुजवलं. आणि लंपीची दया येऊन कुणी स्टंप वाढवला, या भ्रमात राहू नका. त्या मॅचेसवर पैजा लागायच्या. पैसे अडकले की नियम बदलतात.

दांडीगुल: दया कोण म्हणालं? आणि नियम बदलण्याचंच काढलंत तर १७७१ ऐका. चर्टसीचा थॉमस व्हाइट स्टंपांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. मग हॅम्बल्डनचा फास्ट बोलर ब्रेट, याने लेखी तक्रार केली. बॅटची रुंदी सव्वाचार इंच ठरली ती तिथून, आजही तीच आहे. त्या कागदावर तुमच्या स्मॉलचीही सही आहे बरं का.

नोबॉल_नंदा: दोघेही मुद्दा सोडून भांडताय. लंपीला कुणी ओळखत का नाही? कारण वही! त्या काळी झेल गेला की स्कोअरमध्ये नाव फक्त झेलणाऱ्याचं. बोलरच्या नावावर विकेट केव्हा, तर दांडी उडाली तरच. मी अकरा वर्षं क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग केलंय. मॅच संपली की बॅट्समन चहाकडे पळतात आणि बोलर येतो वही बघायला, खांद्यावरून वाकून, घामाचे थेंब पानावर. एकदा एकाची मेडन (एकही धाव न दिलेली ओव्हर) मी चुकून दुसऱ्याच्या नावावर लिहिली, तो दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. लंपीचे किती झेल असे हवेत गेले असतील!

पावसाळी: अर्धीच गोष्ट सांगताय. १७७४ च्या नियमांत खेळपट्टी कुठे आखायची हे पाहुणी टीम ठरवायची. लंपी बरोब्बर उंचवट्याची जागा शोधायचा, टप्पा पडून चेंडू खाली बसेल अशी. आजचे कोच याला रडीचा डाव म्हणतील. आमच्या कांगा लीगमध्ये, मुंबईच्या पावसाळी स्पर्धेत, हेच शिकायला मिळायचं, ओल्या पिचवर टप्पा कुठे टाकायचा ते. आता झाकलेल्या पाट्यावर खेळतात आणि स्वतःला बोलर म्हणवतात.

कव्हरड्राइव्ह_काका: झालं, आली कांगा लीग! १९४८ पासून मुंबईकरांचं एकच तुणतुणं. भर जुलैत चिखलात खेळून कोण शिकलंय? आझाद मैदानावर माझी पहिली मॅच, चेंडू टप्पा पडून तिथेच रुतला. मी बॅट फिरवून मोकळा, मग तो सावकाश उठून दांडीवर. शून्य. वडील छत्री घेऊन बघायला आलेले. परत जाताना लोकलमध्ये एक अक्षर बोलले नाहीत.

पावसाळी: थांबून खेळायचं असतं हो त्या पिचवर. पन्नास वर्षांनी तरी कळलं का?

कव्हरड्राइव्ह_काका: जिभेला आवर घाला. तुम्ही कितव्या डिव्हिजनला खेळलात ते सांगा आधी.

पावसाळी: 'जी', सगळ्यात खालची. आणि अभिमानाने सांगतो.

नोबॉल_नंदा: अहो, माळ्याचा विषय चालू होता.

सातारी_कंदी: मुंबईबाहेर मॅटवर खेळलेल्यांनी तोंड उघडायचंच नाही का इथे? तुम्हाला ओलं का होईना, पिच तरी होतं. आमच्या मॅटच्या कडेचे खिळे निघायचे, तेवढाच आमचा लंपीचा उंचवटा. बाकी पाहुण्यांना निवड द्यायची कल्पना इंग्लंडने २०१६ ला काउंटीत, म्हणजे तिथल्या देशांतर्गत स्पर्धेत, परत आणली होतीच. पाहुण्या कॅप्टनला बोलिंग हवी तर टॉसच नाही. घरच्यांनी मनासारखी पिचं बनवू नयेत म्हणून. चार सीझन चाललं.

दांडीगुल: म्हणजे २४२ वर्षांनी लंपीच्या काळातलीच युक्ती.

कव्हरड्राइव्ह_काका: ओढूनताणून सगळं लंपीपाशी आणा. बरं, 'घरंगळवायचे' हा शब्द मागे घेतो. स्मॉलच्या १४ मात्र कुणी पुसू शकत नाही. आणि माळी तो माळीच.

दांडीगुल: असू दे माळी. १८१९ ला गेला तेव्हा वॉल्टनला त्याच्या थडग्यावर दगड बसवला तो अर्लनेच.

पावसाळी: काका, ती मॅच कुठल्या प्लॉटवर होती? चेंडू रुतला म्हणजे नक्की पाणी तुंबणाऱ्या बाजूला असणार. तिथे मी पण शून्यावर गेलोय.