मांजरांची नसबंदी राहिली बाजूला, ग्रुपमध्येच भांडणं (कोथरूड)

मनीची_मावशी:
नमस्कार मंडळी, डहाणूकर कॉलनीजवळ आमच्या गल्लीत भटकी मांजरं खूप वाढलीयत म्हणून आम्ही काही जणांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, नसबंदी करून परत तिथेच सोडायची असं ठरलं, आणि आता मांजरं राहिली बाजूला, आम्हीच एकमेकांवर फिस्कारतोय. एक काकू वर्षानुवर्षं तिथे खायला घालतात. पिंजरा लावायच्या दिवशी काही घालू नका म्हणून सांगितलं तरी मागच्या गेटपाशी मच्छी-भात ठेवतातच, "मुकं जनावर उपाशी ठेवू?" म्हणतात. मग मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. पैसे सांभाळणारा दादा ग्रुपवर सगळ्यांदेखत काकूंना वाट्टेल ते बोलला, काकू ग्रुप सोडून गेल्या. आणि गंमत म्हणजे मांजरं फक्त त्यांच्याच हाकेला येतात! त्यात एक मादी गाभण वाटतेय, तिचं ऑपरेशन करायचं की नाही यावर वेगळंच महाभारत. काय करू?

सिंहगडरोडवाला:
काकूंना ग्रुपवर परत बोलवत बसू नका, घरी जा, चहा प्या. त्यांचं रोजचं खाणं बंद कशाला करताय, तेच तर कामाचं आहे. पिंजऱ्याचं दार उघडं बांधून टाका आणि आठवडाभर काकूंनाच त्याच्या आत खायला घालू दे. मांजराला सवय झाली की दार सोडायचं. पकडल्यावर लगेच वरून चादर टाका, अंधार झाला की शांत होतं.

पेठेतला_बोका:
काकूंची बाजू सगळेच घेतात. रात्री पिंजऱ्यापाशी डास चावून घेत कोण बसतं? आणि दवाखान्याचं बिल कोण भरतं? दादाची भाषा चुकली असेल, चीड बरोबर आहे. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभणकाळ दोनच महिन्यांचा, पिल्लं अंगावर पीत असताना परत गाभण राहते. तुमचे रुसवेफुगवे संपेपर्यंत गल्ली भरेल. बाकी प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर टाका, निम्मी कुजबुज तिथेच थांबते.

टॉर्चवाली_ताई:
गाभण मांजरीवर ग्रुपमध्ये मतदान कसलं घेताय, डॉक्टरांना दाखवा, किती दिवस झालेत बघून ते सांगतील. व्यायलीच तर पिल्लं स्वतःचं खायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण आठ आठवडे, तिला उचलू नका. आणि आत्ताच ठरवा की पिल्लं कोणाच्या घरी राहणार. आमच्याकडे खरी फाटाफूट यावरूनच झाली, एकीने आजारी पिल्लू न सांगता दुसरीच्या घरी ठेवलं, पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा, संसर्गाने पसरणारा विषाणूचा आजार) निघाला, तिची स्वतःची मांजरं आजारी पडली. हा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, फिनेलने पुसून जात नाही, ब्लीच लागतं. तेव्हा नवीन पिल्लू वेगळ्या खोलीत, लस न झालेल्या मांजरांपासून लांब. यात कोणाची भीड ठेवू नका.

मनीची_मावशी:
काकूंकडे जाऊन आले. तयार आहेत, पण पिंजरा त्यांच्याच गेटपाशी राहणार आणि आत मच्छीच असणार, "ते कोरडे दाणे तुम्हीच खा" म्हणाल्या. दादा अजून फुगलेला आहे, पण गाडी त्याचीच, त्यामुळे येईल. दार सुतळीने बांधलं तर चालेल ना?

सिंहगडरोडवाला:
सुतळी नको, बोके ओढत बसतात. केबल टाय लावा.