बी.एस्सी. नर्सिंग घ्यावे की जी.एन.एम., आणि मुळात हे काम मला झेपेल का?

प्रश्न : विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

नमस्कार. मी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून मला ५८ टक्के गुण आहेत. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटीही दिली आहे. वडील शेती करतात आणि धाकटा भाऊ शिकतो आहे. मावशीचे म्हणणे असे की नर्सिंगला नोकरी पक्की असते. आजीला मात्र नातीने परक्यांची घाण काढावी हे मान्य नाही.

गेल्या वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा जिल्हा रुग्णालयात अकरा रात्री मी त्यांच्याजवळ थांबले होते. सिस्टर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत आणि पाठीवरची कातडी लाल झाली आहे का ते पाहत. त्या काय करतात आणि का करतात, हे समजून घ्यावेसे मला वाटू लागले. पण ते माझे आजोबा होते. अनोळखी माणसासाठी हेच मी रोज, वर्षानुवर्षे करू शकेन का, हे कसे ओळखावे? आणि करायचेच असेल तर पदवी घ्यावी की जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ही पदविका करून लवकर कमावते व्हावे?

उत्तर : अधिपरिचारिका, शासकीय रुग्णालय, २२ वर्षे सेवा

तुझा दुसरा प्रश्न सोपा आहे, पहिला खरा आहे. घाणीचे म्हणशील तर त्याची सवय काही आठवड्यांत होते, आणि रुग्णाला स्वच्छ करताना त्याला संकोच वाटू नये म्हणून पडदा ओढणे, त्याच्याशी बोलत राहणे, हेही हळूहळू अंगवळणी पडते. ज्यांनी हे काम सोडले त्यांपैकी घाणीमुळे सोडलेली एकही मैत्रीण मला आठवत नाही.

अवघड असते ते लक्ष ठेवणे. एका रात्री शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंची नाडी ८८ होती, ती तासाभरात १०४ आणि मग ११८ झाली. रक्तदाब ठीक होता, पट्टी कोरडी होती, बाई फक्त "तहान लागली" एवढेच म्हणत होत्या. मी निवासी डॉक्टरांना उठवले. ते आधी चिडले, मग आले, आणि पोटात रक्तस्राव होत असल्याचे निघाले. रक्तदाब उतरेपर्यंत थांबले असते तर उशीर झाला असता. पहाटे तीन वाजता, वॉर्डात चाळीस रुग्ण आणि हाताशी एकच सहकारी असताना, एका रुग्णात झालेला एवढासा बदल तुझ्या डोळ्यांना टोचला पाहिजे आणि तो ठामपणे सांगण्याचे धैर्य पाहिजे. सिस्टर आजोबांच्या पाठीची कातडी पाहतात हे तू स्वतःहून टिपलेस, म्हणून तुला यायला सांगावेसे वाटते.

तरीही काही गोष्टी घरी आधीच स्पष्ट बोलून घे. दिवाळीतही ड्यूटी असते, रात्रपाळी लग्नानंतरही चुकत नाही, कंबर लवकर दुखू लागते आणि नातेवाइकांचा राग बहुधा सिस्टरवरच निघतो. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार पुष्कळदा कामाच्या मानाने फारच थोडा असतो, हे मावशींनाही सांग.

उत्तर : ट्यूटर, नर्सिंग महाविद्यालय

आपण पात्र आहात; बी.एस्सी. नर्सिंगसाठी खुल्या प्रवर्गाला या विषयांत ४५ टक्के गुण लागतात. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा आहे आणि त्याची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. जी.एन.एम. तीन वर्षांचे असून त्याला कला किंवा वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही येऊ शकतात. दोन्हींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि वॉर्डात दोघींच्या हाती तेच काम येते.

फरक पुढे पडतो. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. झालेली उमेदवार थेट बसू शकते, जी.एन.एम. झालेलीला आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद कंत्राटी असले तरी बी.एस्सी.वाल्यांना खुले आहे. एम.एस्सी. करून अध्यापनाकडे वळायचे तर पदवी हवीच. केवळ एका वर्षाचा फरक पाहून जी.एन.एम. निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर शुल्कही खूप कमी असते.

उत्तर : ब्रदर, अतिदक्षता विभाग, पुणे

वरील मताला मी थोडी पुस्ती जोडतो. माझ्या घरी चौथे वर्ष परवडणारे नव्हते, म्हणून मी जी.एन.एम. केले, नोकरी धरली आणि नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण केले. वाट लांबली, पण बंद झाली नाही. मात्र नोकरी सोडून पुन्हा वर्गात बसणे घरच्यांना पटवून देताना फार त्रास झाला. शासकीय जागा मिळत असेल तर ती सोडू नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अधिपरिचारिका ताईंचा प्रसंग आजीला वाचून दाखवला. तिने त्या बाई वाचल्या का, एवढेच विचारले. शासकीय जागा मिळाली नाही, तर खासगी महाविद्यालय कसे पारखावे?

अधिपरिचारिका

आजींना सांग, वाचल्या. दहाव्या दिवशी चालत घरी गेल्या.

ट्यूटर

इमारत नव्हे, रुग्णालय पाहा. स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय आहे असे सांगितले जाईल. त्यांपैकी किती खाटांवर प्रत्यक्ष रुग्ण आहेत, ते सकाळी नऊच्या सुमारास स्वतः जाऊन मोजा. प्रसूतिगृहात महिन्याला किती बाळंतपणे होतात आणि प्रत्येक विद्यार्थिनीच्या वाट्याला त्यांतली किती येतात, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचारा, कार्यालयात नको. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. ती वॉर्डात भरली जाते की केवळ वहीत, हेही त्याच मुली सांगतील. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवतात का, तेही त्यांनाच विचारा, आणि प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही परिषदांच्या संकेतस्थळांवर महाविद्यालयाची चालू वर्षाची मान्यता तपासा.