‘कृत्रिम चामड्याचा वास’ म्हणजे नेमका कशाचा?

परफ्यूम बनवण्यावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. आयसोब्युटिल क्विनोलिन या द्रव्याबद्दल मी लिहिलं होतं, ‘कृत्रिम चामड्याचा वास देणारा घटक’. बहिणीने वाचून विचारलं, “म्हणजे रेक्झिनचा वास?” कुठे घसरले ते तेव्हा कळलं. वाक्य कसं सुधारावं? आणि अशा वासाला एकच विशेषण हवं असेल, तर ‘चामट’ चालेल का?

प्रतिसाद १
तुमचं ‘कृत्रिम’ भलत्याच नामाला जाऊन चिकटलंय. प्रयोगशाळेत तयार झालं ते द्रव्य, चामडं नव्हे. म्हणून ‘चामड्यासारखा वास असलेलं संश्लेषित गंधद्रव्य’. ‘सुगंधी द्रव्य’ मात्र लिहू नका. माझ्याकडे हे अल्कोहोलमध्ये १ टक्का करून ठेवलेलं आहे. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला की आधी ओल्या मातीतून मूळ उपटल्यासारखा हिरवट, कडवट वास येतो, मग तंबाखू, आणि चामडं त्याच्याही मागून. नुसतं हुंगून याला कुणी सुगंध म्हणणार नाही, त्याला ‘दर्प’च शोभतो. परफ्यूम रचणाऱ्या जर्मेन सेलिये यांनी १९४४ च्या ‘बँडिट’ या परफ्यूममध्ये हाच दर्प फुलांच्या शेजारी बेधडक आणून बसवला.

‘चामट’ नको. भाकरी चामट होते, तो शब्द दातांचा आहे, नाकाचा नाही.

प्रतिसाद २
मी कोल्हापूरचा, म्हणून थोडं चामड्याच्या बाजूने. आपल्याकडे कातडं आणि चामडं वेगळं. जनावराचं निघतं ते कातडं, कमावल्यावर होतं ते चामडं. आपण ज्याला चामड्याचा वास म्हणतो तो बराचसा या कमावण्यातून येतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. जुन्या रशियन चामड्याला बर्चच्या सालीपासून काढलेलं डांबरासारखं तेल लावत, म्हणून परफ्यूममधलं ‘रशियन चामडं’ धुरकट असतं. नवी चप्पल नाकाशी धरून पाहा, तो धूर तिच्यात सापडणार नाही. नुसतं ‘चामड्याचा वास’ लिहिलंत तर आमच्याकडचा वाचक पायातली चपलच आठवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

प्रतिसाद १
अगदी बरोबर, आणि क्विनोलिनला धुरकटही म्हणता येत नाही. त्याचा वास कोरडा. सफ्रालीन नावाचं दुसरं एक द्रव्य आहे, त्यातलं चामडं मऊ, केशराच्या अंगाने जाणारं. (तिथे ‘केशरी’ लिहू नका, वाचकाला रंग दिसेल.) त्यामुळे एका विशेषणात सगळी चामडी कोंबण्यापेक्षा प्रत्येक वेळी वास कसा ते सांगावं.

मूळ प्रश्न विचारणारी
दोघांचेही आभार. वाक्य आता असं केलंय: ‘आयसोब्युटिल क्विनोलिन हे संश्लेषित गंधद्रव्य आहे, त्याला कमावलेल्या चामड्याचा कोरडा, हिरवट दर्प असतो.’ बहिणीला पुन्हा वाचायला दिलं. या वेळी तिने रेक्झिनचं नाव काढलं नाही, हिरवट चामडं कसं असतं ते विचारलं. तिला आता पट्टीच हुंगायला द्यावी लागेल.