ऑस्प्रेचं एक इंजिन हवेतच बंद पडलं तर?

घिरटी: ऑस्प्रे म्हणजे व्ही-२२, हेलिकॉप्टरसारखं उभं उडणारं आणि मग रोटर पुढे झुकवून विमानासारखं जाणारं अमेरिकी लष्करी विमान. त्याची इंजिनं पंखांच्या टोकांना आहेत. उभं उतरताना त्यातलं एक बंद पडलं, तर विमान त्या बाजूला उलटणार नाही का?

दातेरीचाक: नाही. पंखातून आरपार शाफ्ट गेलेला आहे, त्यामुळे चालू इंजिन दोन्ही रोटर फिरवतं. बंद इंजिन स्प्रॅग क्लचमुळे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचमुळे, आपोआप सुटं होतं. प्रश्न ताकदीचा. वजन जास्त असेल तर एका इंजिनावर हॉव्हर, म्हणजे हवेत जागच्या जागी तरंगणं, जमत नाही, मग पुढचा वेग राखून धावपट्टीवर धावत उतरायचं. तेही नॅसेल, म्हणजे इंजिन आणि रोटर धरणारे पंखांच्या टोकाचे फिरते कोष, वर कलते ठेवून, कारण ११.६ मीटरचे रोटर समोर रोखलेले असताना पाती जमिनीला घासतात. दोन्ही इंजिनं गेली तर मात्र कठीण. वजनाच्या मानाने रोटर लहान, ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाशिवाय हवेच्या झोतावर रोटर फिरत ठेवून उतरणं, अगदीच कमजोर.

चिकटग्रीस: त्या क्लचचंच खरं दुखणं आहे. तो क्षणभर घसरला की सगळा भार शाफ्टमधून दुसऱ्या इंजिनावर जातो, आणि पुन्हा पकडला की टॉर्कचा जबर झटका बसतो. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात यातूनच पाच मरीन गेले. आता तो क्लच ज्या भागात असतो तो भागच ८०० उड्डाणतासांनी बदलतात.
गिअरबॉक्स हा वेगळा विषय. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ डाव्या गिअरबॉक्समधलं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, तडकलं, आठ जण गेले. तेलातले धातूचे कण पकडून इशारा देणारा चिप डिटेक्टर बारीक कण जाळून टाकतो, पण इशारा परत परत येत असेल तर आत काहीतरी झिजतंय हे नक्की. तेव्हा उतरायचं, वाट बघायची नाही.

घिरटी: एवढं असून वापरतात कशाला?

दातेरीचाक: २४ सैनिक, ताशी ५०० किमीच्या आसपास, आणि धावपट्टी नको. नौदलाने विमानवाहू जहाजांवर माल नेणाऱ्या सी-२ विमानाच्या जागी ऑस्प्रेचाच सीएमव्ही-२२बी हा प्रकार घेतला, कारण एफ-३५सी या लढाऊ विमानाच्या इंजिनाचा मुख्य भाग त्याच्या पोटात मावतो.

चिकटग्रीस: उतरण्याबद्दल एक राहिलं. पुढचा वेग ४० नॉटच्या (ताशी सुमारे ७४ किमी) खाली असताना मिनिटाला ८०० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली यायचं नाही. एकच रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडला तर विमान कुशीवर पडतं. एप्रिल २००० मध्ये अ‍ॅरिझोनातल्या मराना इथे असंच १९ जण गेले. तोडगा सोपा, पण सवयीचा: अंगठ्याखालची चकती फिरवून नॅसेल पुढे झुकवायचे. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचा हात नेमका पॉवर वाढवायला जातो, आणि त्याने भोवरा आणखी घट्ट होतो.